आधी बूट, मग हेल्मेट: एका ऑफ-रोड रायडरच्या गिअरची पूर्ण केस

मी नवीन रायडर्सना ऑफ-रोडचं बेसिक शिकवतो, त्यातल्याच एकाची ही केस. नाव बाजूला ठेवतो. आधी माणूस आणि गाडी सांगतो कारण गिअरचा प्रत्येक निर्णय तिथूनच निघतो आणि बहुतेक लोक नेमकं तेच सोडून थेट हेल्मेटच्या ग्राफिक्सवर येतात.

रायडर पस्तिशीतला, हायवेवर वर्षानुवर्षं चालवलेली, हात साफ. गाडी ॲडव्हेंचर टाइपची, टाकी फुल असली की 200 किलोच्या आसपास. घरातून निघाला की तासभर डांबरी रस्ता, मग ट्रेल सुरू, सुटे दगड, वाळू, कोरडा ओढा, आणि संध्याकाळी परत तोच डांबरी रस्ता. ट्रेलवरचा स्पीड ताशी 15 ते 40, त्याच्या वर क्वचितच. रेस करायची नाहीये, उंच जंप मारायच्या नाहीयेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अंगावर काय होतं? रोडचं फ्लिप-अप हेल्मेट (हनुवटीचा भाग वर उघडणारं), खांदे आणि कोपरांना लेव्हल 1 म्हणजे खालच्या दर्जाचे पॅड असलेलं मेश जॅकेट, त्याच जॅकेटच्या पाठीत कंपनीने दिलेला तो पातळ फोम जो फक्त खिसा भरायला असतो, आतून गुडघ्याला पॅड असलेली रायडिंग जीन्स, घोट्याच्या जरा वर येणारे ट्रेकिंगचे बूट आणि आखूड ग्लोव्हज. म्हणजे रस्त्यासाठी बरं गिअर, ट्रेलसाठी अर्धवट.

झालं असं. दगडी चढ, पहिला गिअर, पुढचं चाक एका मोठ्या दगडाला टेकलं, क्लच दाबायला उशीर, गाडी बंद. त्याने सवयीने पाय खाली टाकला, पण टाकला उताराच्या बाजूला आणि तिथे जमीन चांगली दोन वीत खाली, पाय पोचेचना, गाडी त्याच बाजूला कलली आणि पायावर आली. पाय सोडवायला गेला तर बुटाची नाडी फूटपेगच्या (पाय ठेवायच्या दांड्याच्या) दातांत अडकलेली. घोटा आत वळला. वर अजून एक गोष्ट, उकाड्याने आणि वायझरवर आलेल्या वाफेने वैतागून त्याने हेल्मेटचा पुढचा भाग उघडाच ठेवला होता, पडताना हनुवटी हँडलबारच्या आरशाला लागली. हनुवटीला टाके, घोट्याचं लिगामेंट दुखावलं, हाड वाचलं, दीड महिना गाडी बंद. स्पीड किती होता? झिरो. गाडी उभी होती.

दीड महिना घरी बसलेला माणूस काय करतो, तर रात्री दोन वाजेपर्यंत गिअरचे व्हिडिओ बघतो. पहिली लिस्ट जी आली ती अशी: कार्बनचं टॉप मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या रेसचं) हेल्मेट, नेक ब्रेस (मान जास्त वाकू न देणारी गळ्याभोवतीची कडक कॉलर), एअरबॅग वेस्ट (पडताना फुगणारं जाकीट). बूट लिस्टमध्येच नाहीत. मी विचारलं, "तुला लागलं कुठे?" तर म्हणे, "दादा, घोटा ठीक आहे हो, पण डोक्याला लागलं असतं तर?" भीती डोक्याची असते हे मला पटतं, आणि डोक्याच्या बाबतीत तडजोड करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच्याकडे सर्टिफाइड हेल्मेट आधीच होतं, ते बंद ठेवलं असतं तर हनुवटीही वाचली असती. पायाला मात्र काहीच नव्हतं. शिवाय स्लो-स्पीड ऑफ-रोडमध्ये पडणं हा अपघात नसतोच, ते रोजचं असतं, आणि पडताना पाय गाडीखाली जाणं, गुडघा दगडावर आपटणं, हात टेकल्याने मनगट किंवा कॉलरबोन जाणं हेच वारंवार होतं. रस्त्यावर घसरत जाण्याची भीती जास्त, म्हणून तिथे कापड किती घासलं तर फाटेल याला महत्त्व. ट्रेलवर टणक वस्तूवर जागच्या जागी आपटणं आणि चेंगरणं. गिअरची भाषाच बदलते.

म्हणून क्रम मी उलटा लावला: बूट, गुडघे, हेल्मेट आणि गॉगल एकत्र, मग अंगाचं आर्मर, मग ग्लोव्हज, आणि नेक ब्रेस सगळ्यात शेवटी, तोही घ्यायचा ठरला तर. एअरबॅग वेस्ट लिस्टमधून काढलाच, कारण इलेक्ट्रॉनिक वेस्टचं गणित बहुतेक वेळा रस्त्यावरच्या हालचालींवर बसवलेलं असतं आणि दोरीवाला (दोरीने गाडीला जोडलेला, दोरी ओढली गेली की फुगणारा) घेतला तर हा माणूस दर चढाला घाईघाईत गाडीवरून उतरणार आणि दोरी काढायला विसरून वेस्ट फुगवून घेणार.

बूट. युरोपचं बुटांचं स्टँडर्ड आहे ईएन 13634. बुटाच्या आत एक छोटं लेबल असतं, त्यावर मोटरसायकलवाल्याचं चित्र आणि खाली चार आकडे, प्रत्येक 1 किंवा 2. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्याचा, तिसरा कापला जाण्याचा आणि चौथा आडव्या ताकदीचा, म्हणजे तळव्याच्या दोन्ही बाजूंनी दाबलं तर बूट किती चेपतो त्याचा. 200 किलोची गाडी पायावर आडवी पडते तेव्हा हा चौथाच आकडा कामाला येतो आणि दुकानात हा कोणी सांगत नाही, सगळे वॉटरप्रूफ आहे का एवढंच सांगतात. त्याशिवाय आयपीए लिहिलं असेल तर घोट्याच्या आपटण्याची वेगळी टेस्ट पास, आयपीएस असेल तर नडगीची. ही दोन ऐच्छिक आहेत त्यामुळे नसली म्हणून बूट खराब ठरत नाही, पण असली तर मला आवडतं.

आता मोटोक्रॉसचा पूर्ण कडक बूट घ्यायचा की ॲडव्हेंचरचा मऊ? कडक बुटात पाय गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टिकच्या नळीत असल्यासारखा असतो, घोटा बाजूला वळूच शकत नाही, पण चालायला वाईट आणि रस्त्यावरच्या तासाभरात पाय उकडून निघतो. मऊ बूट चालायला मस्त पण घोटा वळायचा तो वळतोच. आम्ही मधला मार्ग धरला, घोट्याला बिजागरी असलेला एंडुरो (लांब ऑफ-रोड रायडिंगचा) बूट. बिजागरीने पाय पुढे-मागे हलतो, बाजूला नाही. त्याला जे झालं होतं ते नेमकं बाजूला वळूनच झालं होतं. आणि नाडी नाही, बकल. बकलही फूटपेगमध्ये अडकू शकतं पण ओढल्यावर पट्टा सुटतो, नाडी सुटत नाही.

पहिल्याच दिवशी रडगाणं सुरू. "दादा, गिअर लागतोय की नाही तेच कळत नाही, बूट बदलून आणतो." बूट बरोबर होता, लिव्हर चुकीच्या उंचीवर होता. ट्रेकिंग बुटाच्या मऊ नाकाला सेट केलेला गिअर लिव्हर आणि त्याखाली घुसवायचं आता जाड कडक नाक, कसं जाणार? स्प्लाइनवरून (दातेरी दांड्यावरून) लिव्हर काढून एक दात वर बसवला, मागचा ब्रेक पेडलही थोडा ॲडजस्ट केला, उभं राहून आणि बसून दोन्हीकडे पाय जातोय का बघितलं. अर्ध्या तासाचं काम. मग सात-आठ तास वापरल्यावर बूट स्वतःच नरम पडला. कितीतरी लोक या एका गोष्टीपायी चांगले बूट विकून टाकतात.

गुडघ्यात दोन पर्याय. एक नी गार्ड, म्हणजे आपटलं तर मार सोसणारी कडक वाटी आणि आत फोम. दुसरा नी ब्रेस, म्हणजे दोन्ही बाजूला बिजागरीच्या फ्रेम, जो गुडघा उलटा वाकण्यापासून अडवतो. ब्रेस महाग, मापाचाच लागतो, रुंद असतो त्यामुळे पँट मोठी घ्यावी लागते आणि बुटाच्या वरच्या काठाशी भांडतो. याच्या स्पीडला आणि गुडघ्याची जुनी दुखापत नसताना गार्ड पुरेसा वाटला. इथे लेव्हल बघा. खांदे, कोपर, गुडघे यांच्या पॅडचं स्टँडर्ड ईएन 1621-1, त्यात 50 ज्यूलचा मार दिल्यावर पलीकडे सरासरी किती जोर पोचतो ते मोजतात: लेव्हल 1 ला 35 किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल 2 ला 20 पर्यंतच. फरक केवढा आहे बघा. पण गार्ड घसरून नडगीवर आला तर दोन्ही लेव्हल सारख्याच, म्हणून दुकानात त्याला उठाबशा काढायला लावल्या, जमिनीवर गुडघा टेकायला लावला, मग पेगवर उभं राहिल्यासारखा वाकायला लावला. पहिला जोड लेव्हल 2 होता आणि तिसऱ्या उठाबशीला खाली आला. दुसरा जोड, ज्याला गुडघ्याच्या वर आणि खाली असे दोन क्रॉस पट्टे होते, तो जागेवर राहिला. तोच घेतला.

आता हेल्मेट, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

पहिला प्रश्न, जुनं फ्लिप-अप का नको? ते वाईट नव्हतं. पण ईसीईच्या, म्हणजे हेल्मेटच्या युरोपातल्या मान्यतेच्या, लेबलवर नंबरापुढे अक्षर असतं. पी म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षण म्हणून टेस्ट झालेला, जे म्हणजे हनुवटीला काहीच नाही, एनपी म्हणजे पुढे पट्टी आहे पण ती संरक्षणाची नाही. फ्लिप-अपवर पी आणि जे दोन्ही लिहिलेलं असेल तर ते बंद आणि उघडं दोन्ही स्थितीत पास. याच्यावर फक्त पी होतं, म्हणजे उघडं ठेवून चालवायला ते बनलेलंच नाही. आणि उघडी हनुवटी पीजे असली तरी ट्रेलवर उघडीच. तो ते उघडत होता कारण आत वाफ होत होती, वाफ होत होती कारण ताशी 15 च्या स्पीडला रोडच्या हेल्मेटमध्ये हवाच जात नाही आणि चढावर माणूस धापा टाकतो. खरा रोग व्हेंटिलेशनचा. हेल्मेट उघडावंसं वाटणारच नाही असं हेल्मेट शोधणं हे काम होतं.

मोटोक्रॉस हेल्मेटला हनुवटी लांब पुढे, त्यामुळे तोंडापुढे श्वास घ्यायला जागा, वायझर नाही, गॉगल लावायचा, वर मोठी पीक, म्हणजे टोपीसारखा पुढे आलेला छज्जा. ट्रेलवर याला तोड नाही. पण याचा रोज तासभर जाणं आणि तासभर येणं हायवेवर, तिथे ती पीक वारा पकडते, मान मागे खेचली जाते, आवाज भयंकर, पाऊस आला की संपलं. म्हणून ड्युअल-स्पोर्ट हेल्मेट: पीक आहे पण वारा जायला मोकळी, वायझर आहे पण वर करून आत गॉगल बसतो. मोटोक्रॉसपेक्षा जरा जड, हवा जरा कमी. ज्याची गाडी ट्रेलरवर टाकून ट्रेलपर्यंत जाते त्याने मोटोक्रॉसचंच घ्यावं, याने नाही.

सर्टिफिकेट. त्याच्या कार्बनवाल्या लिस्टमधल्या हेल्मेटवर फक्त डॉट होतं. डॉट म्हणजे अमेरिकेचं एफएमव्हीएसएस 218, तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट पास आहे, सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. ईसीईमध्ये विकायच्या आधी लॅबमध्ये टेस्ट करून मान्यता घ्यावी लागते. नवीन आवृत्ती 22.06, पट्ट्यावरच्या लेबलवर गोलात ई आणि देशाचा नंबर, आणि मान्यतेचा नंबर 06 ने सुरू होतो. जुन्या 22.05 मध्ये हेल्मेट सेकंदाला 7.5 मीटर वेगाने आपटायचे. 22.06 मध्ये त्याबरोबर 8.2 मीटरचा जोरदार मार आणि 6 मीटरचा हलका मारही आला, शिवाय तिरक्या पृष्ठभागावर आपटून डोकं किती गरकन फिरतं तेही मोजायला लागले. मला यातली 6 मीटरची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. हिशोब केला तर तो वेग साधारण 1.8 मीटरवरून खाली पडण्याचा आहे, म्हणजे ट्रेलवरच्या साध्या पडण्याच्या अगदी जवळचा. आणि त्या टेस्टमध्ये डोक्याला बसणारा झटका 180 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 180 पट) आत लागतो, मोठ्या माराला मर्यादा 275 जी आहे. अर्थ एवढाच की फक्त मोठ्या माराला पुरेसं म्हणून आतला थर्माकोल कडक ठेवला तर हलक्या मारात तो दबतच नाही आणि झटका थेट डोक्यात जातो. स्लो-स्पीडला पडणाऱ्या माणसाला हलक्या माराची टेस्ट हवी.

मिप्सबद्दल त्याने विचारलंच. स्वीडनमधून आलेली कल्पना, आतल्या अस्तराखाली एक सरकणारी पातळ शीट, तिरका मार बसला की हेल्मेट डोक्यावर 10 ते 15 मिलिमीटर सरकतं आणि मेंदूला बसणारा पीळ कमी होतो. असेल तर चांगलं. पण मापात नसलेल्या हेल्मेटमधलं मिप्स काही कामाचं नाही. कार्बन की फायबर की पॉलीकार्बोनेट यात मला फारसा रस नाही, वजनाचा फरक मानेला दिवसाअखेर जाणवतो हे खरं, पण टेस्ट सगळ्यांना तीच. पॉलीकार्बोनेट असेल तर पेट्रोल, थिनर आणि कुठल्याही गोंदाचे स्टिकर लांब ठेवा एवढंच.

आता माप. भुवयांच्या वरून टेप फिरवला, 58 सेंटीमीटर. पहिलं हेल्मेट त्याच मापाचं, गाल मस्त घट्ट, आणि त्याने लगेच "हेच" म्हटलं. मी म्हटलं, डोक्यावर ठेव आणि वीस मिनिटं दुकानात फिर. बाराव्या मिनिटाला कपाळ चोळायला लागला, काढलं तर कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा लाल गोल. डोकं लांबट आहे आणि हेल्मेट गोलसर. अशा वेळी लोक एक साइज मोठं घेतात आणि मग बाजूंनी सैल. साइज नाही, दुसरा मोल्ड, म्हणजे आतून वेगळ्या आकाराचं हेल्मेट घ्यायचं. तिसरं हेल्मेट बसलं: कपाळावर दाब सगळीकडे सारखा, तोंड बंद करून दात चावले तर गालाची आतली बाजू जराशी चावली जाते एवढं घट्ट, डोकं हलवलं तर हेल्मेटबरोबर कातडीही हलते. मग डबल डी-रिंगचा पट्टा ओढून लावला आणि मागून खालच्या काठाला बोटं घालून जोरात पुढे उलटवायचा प्रयत्न केला. निघालं नाही. याआधीचं दुसरं हेल्मेट याच टेस्टमध्ये डोळ्यांवर येऊन बसलं होतं.

मध्ये एका मित्राने स्वतःचं जुनं हेल्मेट फुकट देऊ केलं होतं, भारी कंपनीचं. अस्तर काढून तारीख बघितली तर आठ वर्षं जुनं, आणि मागच्या बाजूला रंगाखाली केसासारखी रेघ. बहुतेक कंपन्या वापराची पाचेक वर्षं सांगतात. त्याला फुलांची कुंडी करायला सांगितलं.

गॉगल हेल्मेटशिवाय घेऊच नये. फ्रेम खिडकीत कडेपर्यंत बसते का, नाकावर दाब येतो का, वरच्या कडेला फट राहते का, ते हेल्मेट डोक्यावर असतानाच कळतं. नाक दाबलं की माणूस तोंडाने श्वास घेतो, वाफ वर जाते, मग गॉगल काढून खिशात, आणि पुढच्याच्या चाकाने उडवलेला खडा डोळ्यात. याने तीन थरांचा फोम आणि अँटी-फॉग लेन्सवाला साधा गॉगल घेतला, आरशासारखी रंगीत लेन्स नाकारली कारण झाडीत शिरला की अंधार होतो.

अंगाच्या आर्मरमध्ये एक गैरसमज निघाला जो फार लोकांचा असतो. त्याच्याकडे मित्राचा प्लास्टिकचा चेस्ट गार्ड होता आणि तो समजत होता की बरगड्या सुरक्षित. लेबल ईएन 14021. हे स्टँडर्ड उडालेल्या दगडांसाठी आहे, हँडलबार छातीत घुसण्यासाठी नाही. छातीच्या आपटण्याचं वेगळं, ईएन 1621-3, आणि पाठीचं ईएन 1621-2, ज्यात लेव्हल 1 ला 18 आणि लेव्हल 2 ला 9 किलोन्यूटन. त्याने अंगाला चिकटणारा जाळीचा आर्मर शर्ट घेतला, पाठ लेव्हल 2, छाती 1621-3 ची, खांदे आणि कोपर लेव्हल 2, आणि त्यावर सैल जर्सी. मेश जॅकेट बॅगेत, हायवेवर शर्टावरून घालायचं, ट्रेलला काढायचं. खूप मऊ पॅड असतात ते जोरात मार बसला की कडक होतात, त्यांच्या लेबलवर टी प्लस आणि टी मायनस असेल तर 40 अंश उष्णतेत आणि उणे 10 अंश थंडीतही टेस्ट झालेली असते. कडक उन्हात चालवणाऱ्याने टी प्लस बघावंच.

ग्लोव्हज पटकन. मोटोक्रॉसचे पातळ ग्लोव्हज क्लचला छान वाटतात पण त्यातल्या बऱ्याच जणांवर सर्टिफिकेटच नसतं. तळव्याला सिंगल थर आणि बोटांच्या गाठींना संरक्षण, लेबलवर केपी, असा जोड घेतला आणि गाडीला ॲल्युमिनियमच्या कण्याचे हँडगार्ड लावले. फांदी आधी त्यांना लागते.

पुढच्या सीझनला तो परत पडला, अर्थातच पडला, ओल्या दगडांवर, आणि परत पाय गाडीखाली. या वेळी पाय बाहेर काढायला दोघांनी गाडी उचलावी लागली, बुटाच्या घोट्याच्या प्लास्टिकवर पेगचे चार दात उमटले, एक बकल वाकलं, आतला पाय ठणठणीत. फांदीत अडकून पीकचा एक प्लास्टिकचा स्क्रू तुटला, ते त्याला मोडतोड वाटली. पीक निघून जाण्यासाठीच तो स्क्रू नरम ठेवतात, नाहीतर पीक मान फिरवते, म्हणून तिथे चुकूनही लोखंडी स्क्रू लावायचा नाही. हेल्मेटला स्वतःला मार नव्हता, तरी अस्तर काढून थर्माकोलला कुठे दबलेलं किंवा चीर आहे का ते उजेडात बघितलं.

राहिला नेक ब्रेस. तो निर्णय अजून अडून बसलाय. या विषयावर जाणकारांतही मतं सारखी नाहीत, पण याच्या बाबतीत अडचण साधी आहे: ट्राय केला तेव्हा छातीच्या प्लेटवर ब्रेस तिरका बसला आणि उभ्या चढावर मान वर केली की हेल्मेटची मागची कड त्यावर टेकत होती, म्हणजे तो पुढचा रस्ताच बघू शकत नव्हता. ब्रेस घ्यायचा तर तो बसायला खाच असलेलं चेस्ट प्रोटेक्टर आधी घ्यावं लागेल आणि तिन्ही गोष्टी एकत्र घालून उभं राहून बघावं लागेल. सध्या ते पैसे त्याने बुटाच्या जादा बकल्सवर, दुसऱ्या गॉगल लेन्सवर आणि फूटपेग रुंद करण्यावर घातलेत.